भासऱ्यांचं एकच वाक्य

आमचे भासरे वारले, ही बातमीसुद्धा मला एका पोरानं येऊन सांगितली. दुसरं काय होणार होतं म्हणा! नवऱ्याचा थोरला भाऊ तो भासरा. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही आणि तिनं त्याच्यापुढं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पन्नासच्या वर वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण त्या माणसाचा एकेक शब्द माझ्यापर्यंत आला तो दुसऱ्याच्या तोंडून. कधी सासूच्या, कधी जावेच्या, आणि कोणीच नसलं तर ते गोठ्यातल्या म्हशीकडं बघून बोलायचे आणि मी ऐकायचं. मग मरणाचा निरोप तरी सरळ कसा यावा? मी अंगणवाडीत लेकरांचे हात धूत होते. शेजारचं पोरगं पळत आलं, दारात उभं राहून म्हणालं, "आजी, आबा गेले. घरी बोलावलंय." मी म्हणलं, "थांब, एवढे हात होऊ दे." खरं सांगते, रडू आलं नाही. राग आला... की हा माणूस काम अर्धवट टाकून गेला. कोणतं काम, ते सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

तेराव्याच्या आत चौकात त्यांचा फ्लेक्स लागला. फोटोत नातवाच्या लग्नातला गुलाबी फेटा, खाली लिहिलेलं 'बालकांचे आधारवड'. वाचून मला हसू फुटलं, पदर तोंडात धरला. भाषणं झाली. पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकेक उठून डोळे पुसत सांगायला लागला, आबांनी उतारवयात अंगणवाडीला कसं वाहून घेतलं, लेकरांत देव कसा बघितला. हेच ते म्हातारे! आबा पहिल्यांदा अंगणवाडीत जाऊन बसले तेव्हा ह्यांच्यातलाच एक रस्त्यावरून ओरडला होता, "काय आबा, आता पदर बी घ्या की डोक्यावर!" आणि बाकीचे पोट धरून हसले होते. दिवसभर मोबाइलवर बायकांचे नाच बघणारी ही जमात. ह्यांना माणूस मेल्यावर थोर वाटतो, कारण मेलेला माणूस उठून विचारत नाही की, बाबा, तू एकदा तरी आलास का रे एखाद्या लेकराचं नाक पुसायला?

बरं, ज्यांचं एवढं कौतुक झालं ते तरी कोण लागून गेले होते? मला विचारा. आमचं गाव कुरुंद्याच्या पुढं, हळदीचं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरात दोन आवाज होते, सासऱ्यांचा आणि भासऱ्यांच्या खाकरण्याचा. ते नुसते बोळीच्या तोंडाशी आले की खाकरायचे. तो खाकर ऐकला की आम्ही बायकांनी हातातलं टाकून आत पळायचं, न्हाईतर भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. ताटावर असलं तर ताटावरून उठायचं. किती वेळा माझी भाकरी तशीच राहिली आणि मांजरानं नेली! स्वतःची पोरं त्यांनी कधी कडेवर घेतली नाहीत. वडिलांदेखत आपलं पोर उचलणं म्हणजे बेशरमपणा समजत. पोर रडून निळं पडलं तरी हे आपले खांबासारखे उभे. आणि ह्या सगळ्याला म्हणायचं काय, तर इभ्रत. मी तर म्हणते, मुकेपणाला कोणीतरी चांगलं नाव दिलं, एवढंच.

मी शाळेत गेले नाही. पुड्याच्या कागदावरून अन् धाकट्या भावाच्या पुस्तकावरून अक्षरं उचलली. पण गाणी मला पाठ फार आणि लेकरं माझ्याजवळ आपसूक यायची. तेव्हा आमच्या गावात मारुतीच्या देवळात बालवाडी निघाली. बाई परगावच्या, त्यांना हाताखाली कोणी पाहिजे होतं. त्या आमच्या अंगणात येऊन सासूबाईंना म्हणाल्या, "तुमची धाकली सून द्या. लेकरं तिला सोडत न्हाईत." सासूबाई हो म्हणणारच होत्या. तेवढ्यात भासरे खाकरले. मी भिंतीकडं वळले. मागून आवाज आला, मला नव्हे, म्हशीला उद्देशून, "आपल्या घरच्या बाया लोकाचा शेंबूड पुसाया जात न्हाईत." संपलं. बाई चहाही न घेता गेल्या. मी भिंतीचा पोपडा बघत उभी. त्यात मला एक बैलाचं तोंड दिसायचं... आजही त्या भिंतीत तो बैल दाखवू शकेन.

आता पुढचं ऐका. मालक गेले, माझी जाऊ गेली, पोरं आपापल्या मार्गाला लागली. आमच्या अंगणवाडीतली मदतनीस सोडून गेली आणि शीतलताई एकट्या पडल्या. खिचडी शिजवायची, पोरं मोजायची, वजनं घ्यायची, मोबाइलमध्ये फोटो टाकायचे. त्या म्हणाल्या, "आजी, तुमी नुसत्या येऊन बसत जा. लेकरं शांत राहतील." भासरे दिवसभर पारावर, आता मला अडवायला खाकरणार कोण? गेले. हळद शिजवायच्या दिवसांत तर खोली फुलून जायची. आया पहाटेपासून रानात, लेकरं आम्हाला टाकलेली, पिवळ्याजर्द बोटांची. एखादं झोपेत मांडीवर मुतायचं. मी मनात म्हणायचे, ये बाबा, उशीर झाला पण आलास.

आणि एक दिवस दारात खाकर! माझ्या हातातली वाटी पडली, खोटं कशाला सांगू. अंगच असं घडलेलं. पदर खाली, तोंड भिंतीला. भासरे आपल्या पणतीला, इसूला, घेऊन आले होते. नाव ईश्वरी, पण सगळे इसूच म्हणतात. नातवाची बायको कामाला जायची आणि पोरगी आबांचं धोतर सोडायला तयार नाही. त्यांनी तिला आत ढकललं, ती बाहेर पळाली. परत ढकललं, परत पळाली. शेवटी ते पायरीवर बसले तेव्हा ती उंबऱ्याच्या आत बसली. दुसऱ्या दिवशी आबा उंबऱ्यावर. आठवड्यानं आत, दाराजवळच्या पाटावर. मग ती जागा त्यांचीच झाली. पारावरचे हसले, आबांनी पार सोडला. एवढी एक गोष्ट मी त्यांच्या पदरात टाकते.

आता एका खोलीत मी, ते आणि मधे लेकरं. बोलायचं कसं? तर आम्ही लेकरांच्या तोंडून बोलायला लागलो. ते म्हणायचे, "इसू, तुझ्या आजीला सांग, हे पोरगं तापलंय." चार हातांवर मी! इसू उठून येणार, माझ्यापुढं उभी राहणार, "आजी, आबा म्हणून राहिले, हे पोरगं तापलंय." मी म्हणायचे, "सांग त्यांना, डोक्यावर ओली पट्टी ठेवा." ती परत जाणार. शीतलताई हसून लोटपोट. "अवो आजी, काहून असं करता? टपाल खातं हाय का हे?" मी म्हणायचे, "बाई, टपाल खातं बरं. तिथं पत्र तरी नावानं येतं." लेकरांना मात्र भारी मौज. निरोप न्यायला भांडणं व्हायची. एकजण म्हणायचा, "आबा, मला निरोप द्या," मग आबा उगीच काहीतरी द्यायचे, "सांग आजीला, आज ऊन लई हाय." मी वरून, "सांग, मला बी डोळे हायेत."

कामाला माणूस सुरुवातीला शून्य. लेकरू रडलं की खाकरायचे, ते आणखी रडायचं. मग लेकरांनीच त्यांना शिकवलं. एकदा एका पोराच्या नाकाला धार लागलेली, मी खिचडी वाढत होते. बघते तर आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, पोराची मान धरली आणि नाक पुसलं. मग दुसऱ्याचं. मी तशीच पळी धरून उभी. मनात म्हणलं, म्हशीला सांगा आता, कोणाच्या घरचं माणूस लोकाचा शेंबूड पुसून राहिलं! त्यांनी मान वर केली नाही. पण कान लाल झालेले मला दिसले. एवढ्या वर्षांत मी त्यांचे कान धड कधी बघितलेच नव्हते.

इथवर असतं तर मीही चार गोड शब्द लिहून मोकळी झाले असते. पण ऐका.

एक दिवस सुपरवायझर मॅडम आल्या होत्या. खिचडीची पंगत बसलेली. एका पोराला खेळ सुचला. त्यानं डोक्याला फडकं गुंडाळलं, दाराशी गेला आणि आबांसारखा खाकरला. बाकीची हसली. इसू नाही हसली. चार वर्षांची पोरगी, घास तोंडाशी नेलेला. तिनं तो ताटलीत ठेवला, उठली, फ्रॉकचा घेर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. गपचिप. शेजारच्यानं तिच्या ताटलीत हात घातला, तरी वळली नाही. शीतलताईंनी हाक मारली, नाही वळली. पोरगं खेळून कंटाळून बसलं तेव्हाच ती फिरली, आणि तोवर ताटली पुसून निघालेली.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "अरे वा! किती संस्कारी मुलगी! फोटो घ्या, फोटो घ्या, परत उभी करा तिला." आणि आमच्या इसूला त्यांनी परत भिंतीकडं उभं केलं, फोटोसाठी! संस्कार म्हणे. शिकलेली बाई, गळ्यात ओळखपत्र, पायात चप्पल करकरीत, आणि एका उपाशी पोरीचं तोंड भिंतीला बघून हिला आनंद झाला. माझ्या जिभेवर शब्द आले होते, ते इथं छापता यायचे नाहीत. मी वर बघितलं तर पाटावर आबा बसलेले. त्यांनीही बघितलं होतं. उपरणं दोन्ही हातांत आवळून धरलेलं.

लेकरांना आम्ही काही शिकवलं नव्हतं. ना गाण्यातून, ना गोष्टीतून. आम्ही दोन म्हाताऱ्यांनी नुसतं तसं वागून दाखवलं आणि तिनं ते अक्षरापेक्षा लवकर उचललं. तिच्या आईनं सांगितलं, घरी पण आजा आला की ताटावरून उठते, आणि बापाकडून काही पाहिजे असलं तर भावाला सांगायला लावते. आई हसत होती. मला हसू येईना. माझी भाकरी मांजरानं नेली ती नेली, आता हिची कोण नेणार?

संध्याकाळी पोरं सोडताना मी इसूलाच हाक मारली. दुसरा रस्ता कुठं होता? म्हणलं, "जा, आबाला सांग. उद्यापासून माझ्याशी तोंडानं बोला, लेकरांदेखत. न्हाईतर इथं येऊ नका." तिनं जसंच्या तसं नेऊन पोचवलं. आबा काठी टेकत उठले आणि गेले.

पुढं बरेच दिवस पाट रिकामा. इसू दाराकडं बघत बसायची. मग एक दिवस आले. खाकरले नाहीत, पहिल्यांदाच. आत येऊन मधोमध उभे राहिले. मी पदर मागं सारला आणि त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिले. मनात म्हणलं, आता बोला. त्यांचे ओठ हलले. इसू वर बघत होती, एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं... आणि ते खाकरले. एवढंच जमलं. लेकरं आनंदानं सगळी मिळून खाकरली. इसूनं फ्रॉक डोक्यावर घेतला. आबा वळले आणि निघून गेले ते परत अंगणवाडीत आले नाहीत.

लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला एवढं काय धरायचं? का नाही धरायचं? ऐंशीच्या घरातला माणूस, बैल बाजारात हजार माणसांत ओरडून सौदा करणारा, एका बाईला 'पाणी दे' म्हणू शकत नाही? वाघाला भ्याला नसेल, पण चार वर्षांच्या पोरीदेखत बाईमाणसाशी बोलायला भ्याला. मला त्यांची कीव नाही आली. आजही येत नाही.

पुढं त्यांनी अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं म्हणाले, नांदेडहून परत आणलं. मी जायची नाही म्हणलं होतं, पण इसू रोज यायची, "आजी, आबा बोलावून राहिले." मी म्हणायचे, "सांग, काम हाय." दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तिनं माझं बोटच धरलं. गेले. खोलीत अंधार, औषधांचा वास, उशाशी तांब्या. मी सवयीनं दाराच्या कडेला, पदर सावरून उभी. इसू आमच्या मधोमध उभी, निरोपाची वाट बघत. तिचं काम तिला पाठच झालेलं.

आबांनी डोळे उघडले. म्हणाले, "इसू, तू भाईर जा."

ती मुकाट्यानं गेली. दार ओढलं गेलं. मग मी पहिल्यांदा, उभ्या जन्मात पहिल्यांदा, त्यांची नजर माझ्या तोंडावर आलेली बघितली. धाप लागलेली. शब्दाशब्दाला थांबत म्हणाले, "गोदाबाई... खिचडी गार करून देत जा. लेकरांची तोंडं भाजतात."

बस. एवढंच! माझं नाव ह्या माणसाला ठाऊक होतं हेही मला तेव्हा कळलं. पन्नास वर्षांनी तोंड उघडलं, आणि बोलले काय, तर माझ्याच खिचडीची खोड! मी काय लेकरांना उकळती खिचडी घालत होते? बालवाडीबद्दल काही नाही, त्या म्हशीबद्दल काही नाही. माझ्याजवळ त्यांना ऐकवायला गाडीभर साठलं होतं. पण तोंडातून निघालं, "देते." मग धीर आला आणि म्हणलं, "तिला काहून बाहेर घातलं? तिच्यासमोर बोलायचं होतं. माझं काय, माझं झालं." त्यांनी ऐकलं. नक्की ऐकलं. आणि हळूच कूस बदलून तोंड भिंतीकडं केलं... जसं मी जन्मभर केलं तसं.

म्हणून म्हणते, काम अर्धवट टाकून गेले. नियम मोडला, पण दार लावून मोडला. चोरी करावी तसा. फ्लेक्सवर हे कोण लिहिणार?

आता पोळाही झाला. अंगणवाडीत त्यांचा पाट दाराशी तसाच आहे. मी म्हणलं होतं, उचला तो, शीतलताई म्हणाल्या, राहू द्या, पोरं त्यावर बसायला भांडतात. परवा इसूनं तो पटकावला. घरून आबांचं उपरणं घेऊन आली होती, ते खांद्यावर टाकलं, पाय पसरून बसली. एका पोराला तिनं आजी केलं. त्यानं लगेच डोक्यावर फडकं घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्यालाही सगळं पाठ. मी खिचडी वाढत होते. म्हणलं, आता ही खाकरणार.

ती खाकरली नाही. म्हणाली, "ए, तोंड इकडं कर." पोरगं गोंधळून वळलं. मग तिनं श्वास ओढल्यासारखं केलं, शब्दाशब्दाला थांबत, "गोदाबाई... खिचडी गार करून देत जा."

म्हणजे दाराआड उभी होती, लबाड! सगळं ऐकलं होतं. खोलीभर पोरं ओरडायला लागली, गोदाबाई, गोदाबाई! तेव्हापासून एकही लेकरू मला आजी म्हणत नाही. शीतलताई भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "बघा आजी, आबांनी शेवटी केलंच." मी म्हणलं, "काही केलं न्हाई. ते दार लावूनच बोलले. ऐकायचं काम पोरीनं केलं, श्रेय तिच्या कानाला द्या." आणि ह्या वाक्यावर मी ठाम आहे, कोणाला वाईट वाटलं तर वाटो.

पण ताटली मी हातात घेतली. फुंकर घालून गार केली, बोट बुडवून बघितलं आणि पाटापाशी जाऊन खाली बसले. उपरण्याच्या वरून दोन डोळे माझ्याकडं सरळ बघत होते. आजूबाजूला निरोप न्यायला चार पोरं टपून उभी. मी कोणालाच मधे घातलं नाही.

"घ्या आबा," मी म्हणलं. "गार हाय. आता ताटावरून उठायचं न्हाई."